अंत्यविधी करता आला नाही, तेव्हाचे दुःख

जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर त्याचे अंत्यदर्शन झाले नाही, अग्नी किंवा माती देता आली नाही, दहावा-बारावा राहून गेला, तर मागे राहिलेल्यांचे दुःख वेगळ्या वळणाने जाते. कोविडच्या काळात हे हजारो घरांत झाले. पण कारण तेवढेच नसते. मुलगा परदेशात असतो आणि विमान वेळेत मिळत नाही. पुरात किंवा दरड कोसळून गेलेल्या माणसाचा देह सापडत नाही. पत्नी स्वतःच अतिदक्षता विभागात असते आणि पतीचा अंत्यविधी झाल्याचे तिला नंतर कळते. बाळंतपणात दगावलेले मूल आईला न दाखवताच नेले जाते. तुमच्या घरी यातले काही घडले असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

विधीचा मनाशी काय संबंध?

श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवून केवळ मनाच्या अंगाने पाहू. मृत्यू झाल्याची बातमी कानांना कळते, पण मनाला ती लगेच पटत नाही. चेहरा पाहणे, पायांवर डोके ठेवणे, खांदा देणे, चिता पेटताना पाहणे या गोष्टी मनाला पुरावा देतात. तिसऱ्या दिवशी अस्थी सावडताना हाताला जे लागते, त्यानंतर 'ते परत येतील' असे मन फार काळ म्हणू शकत नाही. हे कठोर वाटते, पण दुःखाची वाट तिथूनच सुरू होते.

दुसरे काम वेळेचे. पहिल्या दहा-तेरा दिवसांत काय करायचे हे शोकातल्या माणसाला ठरवावे लागत नाही, ते आधीच ठरलेले असते. घरात चूल पेटत नाही, शेजारी पिठले-भाकरी आणून देतात. भेटायला येणारा प्रत्येक जण 'काय झालं हो?' असे विचारतो आणि तीच हकिगत वीस-पंचवीस वेळा सांगावी लागते. अनेकांना याचा त्रास वाटतो. पण तीच घटना पुन्हा पुन्हा शब्दांत मांडल्याने तिची धार कमी होत जाते. आम्ही उपचारात जे ठरवून करतो, त्यातला काही भाग दुखवट्याला येणारी माणसे नकळत करून जातात. तेराव्याला गोड जेवण होते आणि समाज सांगतो, आता कामाला लागा.

विधी राहिला की हे सगळे एकदम निघून जाते. मग मृत्यू कागदावर असतो, मनात नसतो. फोन वाजला की 'त्यांचाच असेल' असे वाटते. गर्दीत पाठमोरा माणूस दिसला की पाय थबकतात. रात्री त्यांचा आवाज ऐकू येतो, घरात ते वावरत असल्यासारखे वाटते. पहिल्या काही महिन्यांत असे होणे वेड लागल्याचे लक्षण नाही. विधी नीट पार पडलेल्या घरांतही हे होते, फक्त तुमच्याकडे ते जास्त काळ टिकू शकते.

कोविडमध्ये नेमके काय राहिले?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने मार्च 2020 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार मृतदेह बॅगेत ठेवायचा होता. आंघोळ घालणे, मिठी मारणे, चुंबन घेणे यांना मनाई होती. पण बॅगेची चेहऱ्याकडची चेन उघडून नातेवाइकांना एकदा पाहू देता येत होते. देहाला स्पर्श न करता मंत्र किंवा प्रार्थना म्हणणे, पवित्र पाणी शिंपडणे चालणार होते. राखेपासून कोणताही धोका नाही आणि अस्थी गोळा करता येतील, असेही त्यात स्पष्ट म्हटले होते. प्रत्यक्षात अपुरे कर्मचारी, स्मशानातली रांग, वीस माणसांची मर्यादा, घरातल्या सगळ्यांचेच विलगीकरण आणि सर्वत्र पसरलेली भीती यांमुळे अनेकांना यातले काहीच मिळाले नाही.

हे आज सांगण्याचे कारण आहे. 'आम्ही अस्थी आणायला घाबरलो' किंवा 'तेव्हा भांडलो असतो तर चेहरा तरी दिसला असता' ही बोचणी अजूनही अनेकांना आहे. तुम्ही तेव्हा घेतलेला निर्णय त्या दिवसाच्या माहितीवर आणि त्या दिवसाच्या भीतीत घेतला होता. आज शांतपणे बसून वाचलेल्या सूचनेवरून त्या दिवशीच्या स्वतःला दोषी ठरवू नका. घरात लहान मूल किंवा वृद्ध आई होती म्हणून तुम्ही स्मशानात गेला नसाल, तर ते जिवंत माणसांसाठी केलेले कर्तव्यच होते.

देह सापडलाच नाही तर

हे दुःख सगळ्यांत अवघड. 19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोधकार्य थांबवण्यात आले, तेव्हा 27 देह हाती लागले होते आणि 57 माणसे बेपत्ता होती. त्या नातेवाइकांनी कशाला अग्नी द्यायचा? अमेरिकी संशोधक पॉलिन बॉस यांनी अशा हानीला 1970 च्या दशकात 'अस्पष्ट हानी' या अर्थाचे नाव दिले. माणूस गेला आहे, पण गेल्याचे दिसत नाही. रडावे तर आशा सोडल्यासारखे वाटते, आशा धरावी तर आयुष्य थांबते. एकाच घरात आई वाट पाहत असते आणि मुलगा मृत्यूचा दाखला काढायला निघालेला असतो. मग दोघांत भांडण होते. 'तुला त्याची काही पडली नाही', 'तू वास्तव मानत नाहीस', अशी.

इथे दोघेही चुकीचे नसतात. अशा घरांना मी एवढेच सुचवतो की 'तो गेला' हे सगळ्यांनी एकाच दिवशी मान्य करण्याचा आग्रह धरू नका. 'बहुतेक तो आता नाही, आणि तरी माझी आशा पूर्ण सुटत नाही' हे दोन्ही एकाच मनात राहू शकते. कागदपत्रे करणे म्हणजे माणसाला मारून टाकणे नव्हे, हेही आईला हळूच सांगावे लागते. एखाद्याचा सात वर्षे काही ठावठिकाणा लागला नाही तर तो मृत असल्याचे कायदा गृहीत धरतो. मोठ्या आपत्तीत मात्र सरकार बेपत्ता व्यक्तींना त्याआधीही मृत घोषित करू शकते. त्यासाठी तहसीलदार कार्यालयात चौकशी करावी.

परंपरेलाही हा प्रश्न नवा नाही. देह न सापडल्यास पळसाच्या पानांची प्रतिकृती करून तिच्यावर अंत्यसंस्कार करण्याचा पालाशविधी धर्मशास्त्रात आहे. मृत्यूची तिथी माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्येला श्राद्ध करतात. पिंडाला कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. ही शेवटची गोष्ट शहरातल्या लोकांसाठी मुद्दाम सांगतो. 'कावळा शिवला नाही, म्हणजे त्यांची इच्छा राहिली' हे वाक्य मनात घेऊन लोक वर्षानुवर्षे झुरतात. घाटावर त्या सकाळी कावळे किती होते, आजूबाजूला किती पिंड मांडलेले होते, एवढाच तो प्रश्न असू शकतो.

आता, इतक्या उशिरा, काही करता येईल का?

येईल. निरोपाला मुदत नसते. घटनेला पाच वर्षे झाली असली तरीही.

तुम्ही श्रद्धाळू असाल तर आपल्या भटजींना, मौलानांना, भंतेजींना किंवा फादरना सरळ विचारा. हिंदू घरांत राहिलेले विधी नंतर करण्याची सोय आहे. बौद्ध घरांत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम सगळे जमतील तेव्हा ठेवता येतो. मुस्लिम घरांत दुआ आणि मृताच्या नावाने दानधर्म केव्हाही होतो. देह समोर नसताना जनाज्याची नमाज शाफई परंपरेत मान्य आहे, हनफी परंपरेत नाही, म्हणून आपल्याच मौलानांना विचारावे. ख्रिस्ती कुटुंबांना मृताच्या नावाने मिसा ठेवता येते, आणि 2 नोव्हेंबर हा सर्व मृतांच्या स्मरणाचा दिवस आहेच. ज्यांचा विधींवर विश्वास नाही त्यांनी फोटोजवळ बसून आठवणी सांगाव्यात, झाड लावावे, त्यांच्या आवडत्या वाचनालयाला पुस्तके द्यावीत. मन पुरोहिताची पदवी विचारत नाही.

काय केले यापेक्षा कसे केले याला जास्त महत्त्व आहे. तारीख आधी ठरवा, म्हणजे मनाची तयारी होते. माणसे थोडी पण तीच बोलवा, ज्यांचा निरोप राहिला आहे. ज्याला सगळ्यांत जास्त बोचणी आहे त्याच्या हातून काहीतरी होऊ द्या, मग ती मुलगी असो, सून असो वा पत्नी. 'बायकांनी करायचे नसते' म्हणून तिला स्वयंपाकघरात पाठवले, तर विधी होईल आणि तिचा निरोप पुन्हा राहील. त्या दिवशी शेवटच्या दिवसांची हकिगत पहिल्यापासून मोठ्याने सांगा, मध्ये रडू आले तर थांबा, मग पुढे सांगा. कर्ज काढून जेवणावळ घालू नका. त्याने मनाला काही मिळत नाही, फक्त हप्ते मागे लागतात.

जे सांगायचे राहिले ते पत्रात लिहिणे हा अनेकांना उपयोगी पडणारा मार्ग आहे. 'प्रिय बाबा' असे लिहून सुरुवात करा. माफी मागायची असेल तर मागा, राग असेल तर तोही लिहा. ते पत्र नदीत सोडा, जाळा, नाहीतर कपाटात ठेवा.

परदेशात असलेल्यांसाठी थोडे. मोबाइलवर अंत्यविधी पाहिलेल्यांचा अनुभव एकसारखा नसतो. काहींना तेवढ्यानेही आधार मिळतो, काहींना स्वयंपाकघरात उभे राहून पडद्यावर चिता पाहिल्याचे दृश्य छळत राहते. एकट्याने पाहू नका, जवळ कोणीतरी असू द्या. आणि नंतर भारतात आल्यावर लगेच बँक आणि घराच्या कामांना लागू नका. आधी ते जिथे शेवटचे झोपले ती खोली, ते हॉस्पिटल, तो घाट पाहून या. गावाकडच्या भावंडांचे दुःख तोवर पुढे सरकलेले असते आणि तुमचे तिथेच सुरू होते, त्यामुळे 'आता कशाला परत तो विषय' असे ऐकावे लागू शकते. त्यांना हे आधीच सांगून ठेवा.

शेवटच्या तासांचे प्रश्न

'त्यांना त्रास झाला का? त्यांनी माझे नाव घेतले का? एकटेच होते का?' हे प्रश्न विधीपेक्षाही जास्त छळतात, कारण माहिती नसली की मन सगळ्यांत वाईट चित्र रंगवते. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांची किंवा नर्सची वेळ मागून भेटा. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार रुग्णाच्या नातेवाइकांनी मागितल्यास उपचारांची कागदपत्रे 72 तासांत द्यावी लागतात. डॉक्टरांवर ती तीन वर्षे जपून ठेवण्याचे बंधन आहे, म्हणून फार उशीर करू नका. कागदपत्रे स्वतः वाचत बसण्यापेक्षा तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडून समजून घ्या. ऑक्सिजन खूप कमी झालेला किंवा व्हेंटिलेटरवरचा रुग्ण बहुधा गुंगीत असतो, ही साधी गोष्ट कळल्यावरही अनेकांचा श्वास मोकळा होतो.

शरीराकडे लक्ष द्या

शोक शरीरालाही होतो. झोप उडते, अन्न नकोसे होते, छातीवर दगड ठेवल्यासारखे वाटते, लक्ष लागत नाही. जवळच्या व्यक्तीच्या मृत्यूनंतरच्या पहिल्या काही दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून दिसले आहे. तीव्र धक्क्याने हृदयाचा स्नायू तात्पुरता कमकुवत होण्याचा 'ताकोत्सुबो' नावाचा आजारही आहे. तो पाळी गेलेल्या स्त्रियांत जास्त दिसतो. म्हणून छातीत दुखणे, दम लागणे, घाम फुटणे याला 'दुःखामुळे होतंय' म्हणून सोडून देऊ नका. ताबडतोब दवाखाना गाठा, किंवा 108 ला फोन करा. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या या दिवसांत हमखास चुकतात. घरातल्या एका माणसाने वृद्धांच्या गोळ्यांची जबाबदारी घ्यावी.

झोपेच्या गोळ्या शेजाऱ्यांकडून किंवा दुकानातून आणू नका. डॉक्टरांनी दिल्या तरी त्या थोड्याच दिवसांसाठी असतात, कारण सवय लागते. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती मोडकी झोप असते आणि दुःख दुसऱ्या दिवशी होते तिथेच असते.

मुलांना काय सांगावे?

'आजोबा देवाघरी गेले', 'बाबा झोपले' असे सांगून थांबू नका. लहान मुले शब्दशः अर्थ घेतात. मग झोपायला घाबरतात किंवा बाबा उठायची वाट पाहतात. 'बाबांचे शरीर खूप आजारी होते, ते बंद पडले, ते आता परत येणार नाहीत' असे साध्या शब्दांत सांगा. हे त्याच्यामुळे झालेले नाही, हेही स्पष्ट सांगा. मुले तसे मनात धरतात आणि बोलत नाहीत. उशिराच्या विधीत त्यांनाही काही काम द्या, फूल वाहणे, चित्र काढून फोटोजवळ ठेवणे.

उपचार केव्हा घ्यावेत?

शोकाचे पाच टप्पे असतात असे तुम्ही कुठेतरी वाचले असेल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये ते मांडले, ते मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्या सगळ्यांनी त्याच क्रमाने जायला हवे असे काही नाही. बहुतेकांचे दुःख भरती-ओहोटीसारखे येते-जाते. सण, वाढदिवस, वर्षश्राद्ध आले की उसळते. त्याला औषध लागत नाही.

पण काही जणांचे दुःख पहिल्या दिवशी होते तिथेच अडकून राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'दीर्घकालीन शोक विकार' असा स्वतंत्र आजार आहे आणि तो ओळखायला किमान सहा महिन्यांची मुदत धरली आहे. अमेरिकी मनोविकार संघटनेने 2022 मध्ये प्रौढांसाठी बारा महिने ही मुदत धरली. नैसर्गिक मृत्यूनंतर साधारण दहातल्या एकाला हा त्रास होतो. मृत्यू अचानक किंवा अपघाती असेल तर धोका वाढतो. विधी राहिला म्हणजे आजार होणारच असे मात्र नाही. पुढील गोष्टी बहुतेक दिवशी आणि कामात अडथळा येईल इतक्या होत असतील तर डॉक्टरांना भेटा:

– गेलेल्या व्यक्तीची असह्य ओढ, दिवसभर तोच विचार
– मृत्यू झालाच नाही असे वाटत राहणे, किंवा त्याची आठवण देणारी प्रत्येक जागा टाळणे
– आपलाच एक भाग मेला आहे, जगण्यात अर्थ नाही असे वाटणे
– कडवट राग, किंवा भावनाच बधिर होणे

यावर खास पद्धतीची समुपदेशन-चिकित्सा उपलब्ध आहे. तिच्या एका अभ्यासलेल्या पद्धतीत सुमारे सोळा भेटी असतात. त्यात मृत्यूची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणे, टाळलेल्या जागी हळूहळू जाणे, गेलेल्या व्यक्तीशी मनात संवाद करणे आणि स्वतःचे पुढचे बेत आखणे असते. नैराश्यावरच्या गोळ्यांनी नैराश्य उतरते, शोक नाही. त्यामुळे सोबत नैराश्य असेल तरच त्या दिल्या जातात. 'गोळी द्या आणि विसरायला लावा' अशी मागणी नातेवाईक करतात. तशी गोळी नाही, आणि रुग्णालाही विसरायचे नसते.

मरणाचे विचार येत असतील, 'त्यांच्याकडेच जावे' असे वाटत असेल, तर सहा महिने वाट पाहायची नाही. त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालू असते आणि मराठीतही बोलता येते. घरच्यांनी अशा माणसाला एकटे सोडू नये, कीटकनाशके आणि गोळ्यांचा साठा हाताशी ठेवू नये. नजीकच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग असतो. तिथे पहिल्या भेटीला जाताना चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी न्या, आणि अंत्यविधी कसा झाला, किंवा का झाला नाही, हे डॉक्टरांनी विचारले नाही तरी स्वतःहून सांगा.